क्रीट बेटावर स्वस्तात जेवण



शाळेच्या नकाशात युरोप आणि आफ्रिका यांच्या मधोमध जो निळा पट्टा दिसतो, तो भूमध्य समुद्र. या पट्ट्याच्या पूर्वेकडच्या भागात, ग्रीसच्या खालच्या अंगाला, एक लांबट बेट आडवे पसरलेले आहे. त्याचे नाव क्रीट. लांबी सुमारे २६० किलोमीटर, म्हणजे पुण्याहून सोलापूरला जाण्याइतकी. रुंदी मात्र कुठे साठ किलोमीटर, तर कुठे अवघी बारा. मधून डोंगरांची रांग गेलेली, आणि त्यातले सर्वांत उंच शिखर आपल्या कळसूबाईपेक्षा आठशे मीटरने वरचढ. वस्ती सव्वासहा लाखांच्या आसपास. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या वस्तीच्या कितीतरी पट पाहुणे तिथे येऊन जातात. समुद्र, ऊन आणि क्नोसॉस येथील चार हजार वर्षांपूर्वीच्या राजवाड्याचे अवशेष, ही त्यामागची कारणे.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही शेतात नाही तर शाळेत राबणारी माणसे, आम्हाला त्या बेटावरच्या जेवणाचे काय होय? पण आज आपल्या तालुक्याच्या गावातून मुले-मुली शिकायला आणि नोकरीला युरोपात जातात, आगबोटीवर कामाला जातात, निवृत्त झालेले गुरुजी सहलीच्या कंपनीबरोबर आठ दिवस परदेश बघून येतात. तिथे खिशाला पहिली कात्री लागते ती जेवणाची. हे झाले एक कारण. दुसरे कारण असे की, क्रीटमध्ये स्वस्तात काय खावे याचे उत्तर शोधू गेलो, तर वाट आपल्याच बांधावरून जाते. ते कसे, ते पुढे येईलच.

मी या बेटावर एका सप्टेंबरात तीन आठवडे होतो, बराचसा मुक्काम पश्चिमेकडच्या हानिया या शहरात. त्या शहराचे बंदर फार देखणे आहे. व्हेनिसच्या लोकांनी बांधलेले. त्यांनी तिथे चारशे वर्षांहून अधिक राज्य केले. बंदराच्या काठाने खानावळींची रांगच रांग. प्रत्येकीच्या दारात एकेक गडी उभा, हातात चित्रांचे रंगीत पत्रक, आणि तुमचा चेहरा पाहून तो तुमच्या भाषेत हाका मारणार. आपल्याकडे तीर्थक्षेत्री जसे ‘या माउली, आत बसा’ म्हणतात ना, तसेच. तिथे बसू नये असे मी म्हणत नाही. सूर्यास्त पाहायचा असेल तर एखादी कॉफी घेऊन जरूर बसावे. पण तिथे तुम्ही जे पैसे मोजता ते बरेचसे पाण्याच्या देखाव्याचे असतात, ताटातल्या अन्नाचे नसतात. आणि गावातला माणूस तिथे सहसा जेवत नाही.

मग तो जेवतो कुठे? दोन-तीन गल्ल्या मागे जा. तिथे एखादे साधे दुकान दिसेल. बाहेर चित्रे नाहीत, हाका नाहीत. आत काचेच्या कपाटामागे सात-आठ मोठी पसरट भांडी मांडलेली. अशा जागेला ते ‘मायिरिओ’ म्हणतात, म्हणजे स्वयंपाकघरच म्हणा ना. सकाळी अन्न शिजवायचे, दुपारी वाढायचे, संपले की दार लावायचे. एका भांड्यात मसुराची पातळ उसळ, दुसऱ्यात टोमॅटोत शिजलेले मोठे पांढरे वाल, तिसऱ्यात काबुली चणे, चौथ्यात भाताने भरलेले टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्या, पाचव्यात भेंडी. होय, भेंडी! टोमॅटो घालून, भरपूर तेलात मंद आचेवर शिजवलेली. आपण सांगली-इस्लामपूरकडे अख्खा मसूर चवीने खातो. तोच मसूर तिथे तमालपत्र घालून, वरून थोडे व्हिनेगर सोडून खातात. तिखट नाही, फोडणी नाही, पण पहिल्या घासालाच ओळख पटते.

इथे भाषा येत नसली तरी अडत नाही. काचेपाशी जाऊन बोट दाखवायचे. कडधान्याची किंवा भाजीची एक थाळी हल्लीच्या दिवसांत साधारण सहा ते नऊ युरोंत मिळते. एका युरोचे शंभर रुपये धरा, म्हणजे अंदाज येईल. आपल्या हिशेबाने हे स्वस्त नव्हेच, पण बंदरावर मोठा मासा मागवला तर तो किलोच्या भावाने तोलून देतात, आणि एका माणसाचे बिल सहज चौपट होते. मासा खायचाच असेल तर छोटी मासळी मागवावी, तिथल्या मांदेली-तारलीच म्हणा. गावकरीही तेच खातात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पदार्थांच्या यादीत एखाद्या नावापुढे फुली किंवा चांदणी असेल, तर तो जिन्नस बर्फात गोठवून ठेवलेला आहे असे समजावे. तशी खूण करणे तिथे बंधनकारक आहे. आणि यादीच्या तळाशी एक मजेदार ओळ छापलेली असते: पावती दिली नाही, तर गिऱ्हाइकाने पैसे देण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या ग्राहक चळवळीतल्या मंडळींनी टिपून ठेवावी अशी ही ओळ आहे.

आपल्या लोकांचा पैसा जातो तो आणखी एका सवयीने. आपण चौघे बसलो की चार थाळ्या मागवतो. तिथे तशी रीत नाही. चौघांत तीन-चार पदार्थ मागवायचे, ते टेबलाच्या मध्यभागी ठेवायचे आणि सर्वांनी त्यातून घ्यायचे. पावाची टोपली न मागता येते, तिचे माणशी थोडे पैसे लावतात. ती फसवणूक नव्हे, तिथला रिवाज आहे. पाव भाजीच्या तेलात बुडवून खायचा, म्हणजे पोट त्यानेच भरते. बऱ्याच गावांत नळाचे पाणी पिण्याजोगे असते, तेव्हा बाटली न मागता जग मागावा. ज्यांना द्राक्षाची वारुणी वर्ज्य नाही, त्यांच्या माहितीसाठी सांगतो की, घरगुती वारुणी तिथे किलोने मागतात, अर्धा किलो, पाव किलो, अशी! आपण दूध लिटरने मागतो, हे लोक वारुणी वजनावर मागतात.

वेळ पाळणेही महत्त्वाचे. दुपारचे जेवण दोन-तीनला, रात्रीचे नऊनंतर. साडेसहाला जेवायला बसलेला माणूस परगावचा, हे वाढप्याला न सांगता कळते. दुपारी भांड्यातले अन्न ताजे असते, म्हणून मोठे जेवण दुपारी करावे आणि रात्री पाव, टोमॅटो, चीज यांवर भागवावे. फारच घाई असेल तर गोल रोटीत गुंडाळलेले भाजलेले मांस चार-पाच युरोंत मिळते. तरुण मुले त्यावरच असतात. त्याबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही, पण पोट भरते हे कबूल केले पाहिजे.

शाकाहारी मंडळींची काळजी मात्र मिटावी अशी एक सोय तिथे शतकानुशतके चालत आली आहे. तिथले ख्रिस्ती लोक जुन्या ऑर्थोडॉक्स पंथाचे. त्यांचे उपास फार. ईस्टरच्या आधीचा मोठा उपास, नाताळच्या आधीचा उपास, ऑगस्टातला, शिवाय दर बुधवारी आणि शुक्रवारी. सगळे काटेकोर पाळले तर वर्षाचे जवळजवळ निम्मे दिवस भरतात. या दिवसांत मांस नाही, अंडे नाही, दूध-लोणी नाही, मासाही नाही. म्हणजे आपल्या उपासाच्या अगदी उलट बघा! आपण उपासाला धान्य-कडधान्य सोडतो आणि दूध-तूप घेतो. ते दूध सोडतात आणि कडधान्य खातात. त्यामुळे उपासाचा स्वयंपाक म्हणजे डाळी, भाज्या, तेल आणि पाव यांचाच. ‘निस्तीसिमो’ हा एक शब्द पाठ करून जावे, म्हणजे उपासाचे. मात्र एक सावधगिरी बाळगावी. कोळंबी, माकूळ आणि गोगलगाय यांच्या अंगात रक्त नाही असे मानून ती उपासाला चालतात. तेव्हा वाटीत काय आहे ते एकदा बघून घेतलेले बरे! गोगलगाय हा तर क्रीटच्या लोकांचा आवडता पदार्थ. मीठ, तेल आणि व्हिनेगर घालून तव्यावर परततात. पावसानंतर डोंगरात फुकट मिळते, हे त्याचे मूळ कारण.

आता बांधावरची गोष्ट. एके दिवशी मी शहराबाहेर एका खेड्यात गेलो होतो. एक म्हातारी बाई टोमॅटोच्या वाफ्यात बसून तण काढत होती. तिच्या शेजारी दोन ढीग. एक फेकायचा, दुसरा टोपलीत. टोपलीतले तण मी जवळ जाऊन पाहिले. लालसर मऊ देठ, जाडसर गुळगुळीत पाने. ती आपली घोळ होती, श्रोतेहो! सारखी दिसणारी दुसरी वनस्पती नव्हे, तीच, शास्त्रीय नावासकट तीच. आपल्याकडे खुरपणीत बायका ती उपटून बांधावर टाकतात. एखादी आजी असेल तर डाळ घालून भाजी करते, आणि सून म्हणते, पाहुणे यायच्या दिवशी ही कशाला? तिथे ती कच्चीच चिरून काकडी-टोमॅटोत घालतात. बाजारात तिच्या जुड्या विकायला असतात. उन्हाळ्यात आणखी एक पालेभाजी सर्वत्र मिळते, ती आपल्या माठाच्या जातीची. उकडायची, वर कच्चे तेल, मीठ आणि लिंबू. बस्स, झाली भाजी. अशा उकडलेल्या पाल्याला ते ‘होर्ता’ म्हणतात, म्हणजे नुसते गवत. आपणही ‘पालापाचोळा’ म्हणतोच की.

हिवाळ्यात तर डोंगरउतारावर असे कितीतरी प्रकार उगवतात. रानबडीशेप, रानमोहरी, आणि आपल्या पाथरीच्या कुळातल्या कडवट भाज्या. त्यांतल्या एकीचे नाव ‘स्तामनागाथी’, म्हणजे घागरीचा काटा. या काटेरी झुडपाचा गोळा पूर्वी पाण्याच्या घागरीच्या तोंडात बसवत, किडामुंगी आत जाऊ नये म्हणून. ज्याला काही मिळत नसे तो त्याची कोवळी पाने खाई. आज त्याची लागवड होते, आणि चांगल्या खानावळीत इतर पाल्यापेक्षा तो महाग असतो.

हाच प्रकार जवाच्या टोस्टचा. पूर्वी खेड्यात भट्टी रोज पेटवणे परवडत नसे, सरपण कुठून आणायचे? म्हणून जवाचा पाव एकदाच भरपूर भाजायचा, त्याचे जाड तुकडे करायचे, आणि निवत चाललेल्या भट्टीत ते पुन्हा वाळवायचे. महिनोन्‌महिने टिकत. मेंढपाळ ते झोळीत घालून डोंगरात जाई, आणि झऱ्याच्या पाण्यात भिजवून खाई. गव्हाचा पांढरा पाव सणाला. आज त्याच टोस्टवर किसलेला टोमॅटो, ताजे मऊ चीज आणि तेल घालून ‘दाकोस’ म्हणून देतात, आणि पर्यटक त्याची छायाचित्रे काढतात. पण हा पदार्थ खरोखरच उत्तम आहे. एक दाकोस आणि एक वाटी उसळ एवढे दोघांना दुपारचे पुरे होते.

इथे मला थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली जर्मनांनी हे बेट जिंकले. युद्ध संपले तेव्हा बेट पार विस्कटलेले होते. १९४८ साली अमेरिकेच्या रॉकफेलर प्रतिष्ठानने तिथल्या लोकांच्या राहणीची पाहणी केली. घरोघरी जाऊन कोण काय खातो हे नोंदले. पान, धान्य, कडधान्य, फळे आणि ऑलिव्हचे तेल हेच मुख्य. मांस, दूध, अंडी थोडी. पुढे अॅन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने सात देशांतल्या बारा हजारांहून अधिक पुरुषांचा अभ्यास केला. त्यात क्रीटमधल्या खेड्यांतले ६८६ पुरुष होते. तिथले काम १९६० मध्ये सुरू झाले. पुरुषांचे एकूण सोळा गट होते, त्यांत हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण क्रीटमध्ये सर्वांत कमी निघाले. मग जगभर ‘भूमध्य आहारा’चा गाजावाजा झाला आणि २०१० साली युनेस्कोने त्याला मानवी वारशाच्या यादीत बसवले.

पण १९४८ च्या पाहणीत त्या शेतकऱ्यांना विचारले होते की, तुम्हाला हे जेवण पुरेसे वाटते का? बहुतेकांनी नाही म्हटले. आवडता पदार्थ कोणता, तर मांस! ज्या जेवणाची पुढे जगाने वाहवा केली, ते खाणाऱ्याला अर्धपोटीचे वाटत होते. शिवाय कीजच्या मोजणीचा काही भाग मोठ्या उपासाच्या दिवसांत पडला होता, अशीही टीका नंतरच्या अभ्यासकांनी केली आहे. आणि ही माणसे दिवसभर डोंगर चढत, नांगर धरत, हे विसरून कसे चालेल? म्हणून शहरातला कोणी उठून खेडुताला म्हणेल की, बाबा, तू गरीब आहेस म्हणून निरोगी आहेस, तर ते मला मुळीच पसंत नाही. पोटभर खाऊनही घोळ आणि मसूर आवडीने खाता यावा, ही वेगळी गोष्ट. आणि दुसरे काही नाही म्हणून ते खावे लागावे, ही वेगळी. क्रीटच्या लोकांच्या हाती पैसा आला तेव्हा त्यांनी मांस घेतले, साखर घेतली. आज ग्रीसमधल्या मुलांचा स्थूलपणा युरोपात वरच्या क्रमांकात मोडतो. आजी होर्ता उकडते आणि नातू बटाट्याच्या तळलेल्या काड्या मागतो, हे दृश्य मी तिथे ज्या घरी उतरलो होतो त्या घरीच पाहिले. आपल्याकडे निराळे काय आहे?

स्वस्ताईची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाहुण्यांच्या गर्दीने गावची घरे सुट्टीच्या भाड्याला निघतात. ग्रीक बेटांवर बदली होऊन आलेल्या शिक्षकांना आणि डॉक्टरांना परवडेल अशी खोली मिळत नाही, ही तिथली गेल्या काही वर्षांतली मोठी ओरड आहे. माझ्या श्रोत्यांत शिक्षक पुष्कळ आहेत, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. म्हणून काटकसर करताना ती कोणाच्या पोटावर येते हे पाहावे. मागच्या गल्लीतल्या बाईच्या खानावळीत दिलेले आठ युरो तिच्या घरात जातात. मोठ्या हॉटेलात सगळे खाणेपिणे आगाऊ पैशात घेणारा पाहुणा गावात पाऊलही टाकत नाही.

आठवड्याच्या बाजाराबद्दल दोन शब्द. प्रत्येक शहरात ठरलेल्या वारी रस्त्यावर बाजार भरतो. हानियाचा मोठा बाजार शनिवारचा, जुन्या तटाच्या कडेने. टोमॅटो, काकडी, अंजीर, द्राक्षे, ऑलिव्ह, चीज, सगळे शेतकऱ्याच्या हातून. दुपारी बाजार उठायच्या सुमारास भाव उतरतो, हे आपल्याला शिकवायला नको. घासाघीस मात्र तिथे फार चालत नाही. उलट तुम्ही किलोभर द्राक्षे घेतली, तर बाई वर एक अंजीर हातावर ठेवते.

जेवण झाल्यावर असेच होते. बिल मागितले की त्याबरोबर फळाच्या फोडी किंवा एखादा गोड पदार्थ येतो, आणि एक लहानशी बाटली. ती द्राक्षाच्या चोथ्यापासून काढलेली कडक दारू, ‘त्सिकुद्या’ किंवा रकी. याचे पैसे लावत नाहीत; तो यजमानाचा मान. देऊ केले तर त्यांना वाईट वाटते. न पिणाऱ्याने हात छातीवर ठेवून मान लववावी आणि फळ घ्यावे. कोणी आग्रह करत नाही. आणि फुकट मिळते म्हणून दुसरी बाटली मागणाऱ्या पाहुण्याविषयी तिथे काय बोलतात, ते मी इथे सांगत नाही.

कधी जावे, असे विचाराल तर बहुतेक लोक जुलै-ऑगस्ट सांगतील. मला मात्र तिथल्या मंडळींचे म्हणणे पटले. ते म्हणत, नोव्हेंबरात या. आपला पाऊस जूनचा, त्यांचा हिवाळ्यातला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिल्या सरी पडतात आणि डोंगरावर रानभाज्या फुटतात. किनाऱ्यावरची पाहुण्यांसाठीची हॉटेले बंद होतात, उरतात ती गावकऱ्यांची. त्याच दिवसांत ऑलिव्हची तोड सुरू होते, झाडाखाली जाळी पसरून फांद्या झोडपतात, आणि पोती गावच्या घाण्यावर जातात. तिथे पाळीची वाट पाहत बसलेले शेतकरी घरून जवाचे टोस्ट आणतात, नळीतून पडणारे हिरवे, घशाला झोंबणारे तेल त्यांवर धरतात, आणि वर नुसते मीठ टाकून उभ्याउभ्याच खातात.